दोन फेऱ्या पुढे

मोटारींच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्याकडे प्रथम पैसेवाल्यांची आठवण होते, आणि ती अगदीच चुकीची नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातली विमानांची एक धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यती भरवल्या आणि कित्येक वर्षे देशभरची हौशी मंडळी आपापल्या फियाट, हेराल्ड आणि अँबॅसडर गाड्या घेऊन तेथे जमत असत. गाडी घरची, इंजिन खोलून सुधारलेले, आणि खर्च बहुधा वडिलांच्या खात्यावर! दुकानात कोणालाही विकत मिळते तीच गाडी घ्यावयाची आणि तिचीच दुरुस्ती-सुधारणा करून ती शर्यतीत उतरवावयाची, या प्रकाराला अमेरिकेत स्टॉक कार शर्यत म्हणतात. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा खेळ श्रीमंतांच्या पोरांनी वाढवला नाही. तो वाढवण्यात मोठा वाटा होता हातभट्टीवाल्यांचा.

हे वाचून आमच्या वसई तालुक्यातील वडीलधारी मंडळी गालात हसतील. दारूबंदीच्या काळात पोलिसांच्या डोळ्यांत धूळ टाकून माल मुंबईकडे कसा जाई, याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या आहेत. आणि यंत्राची ओळख म्हणाल तर राजोडीसारख्या गावात ती पुस्तकातून झालेली नाही. विहिरीवरचा आणि बावखलावरचा रहाट गेला, त्याच्या जागी पाण्याचे इंजिन आले, ते बंद पडले की केळी आणि पानवेली सुकू लागत. तेव्हा ज्याला ते इंजिन खोलता येई तो शाळेत किती शिकला हे कोणी विचारत नसे. समुद्राकडच्या सुरूच्या बनात त्या इंजिनाचा ठोका ऐकू येई आणि ठोका चुकला की घरात बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळे. ज्या माणसाची हकिकत मी येथे सांगणार आहे तो असाच ठोका ओळखणारा माणूस होता. त्याचे नाव वेंडेल स्कॉट.

२९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल या गावी त्याचा जन्म झाला. अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सरकारने १८६५ साली आपल्या अखेरच्या दिवसांत याच गावात मुक्काम केला होता, आणि गावातील गोऱ्यांना त्याचा पुढे शंभर वर्षे अभिमान वाटत होता. गावात कापसाच्या गिरण्या आणि तंबाखूची गोदामे. कृष्णवर्णीय माणसाने तंबाखूत राबावे नाहीतर गिरणीत झाडू मारावा, आणि वर मुकादमाचे ऐकावे, अशी रीत होती. वेंडेलचे वडील दोन सधन गोऱ्या कुटुंबांच्या मोटारी चालवीत आणि दुरुस्त करीत. मुलाला यंत्राचे वेड लागले ते त्यांच्यामुळे. मुकादमाच्या हाताखाली काम करावयाचे नाही हे त्याने लहानपणीच ठरवले होते. गावातील फार थोड्या कृष्णवर्णीय मुलांकडे सायकल होती, त्यांत हा एक. आणि तो गोऱ्या मुलांशी शर्यत लावीत असे. शाळा त्याने अर्धवट सोडली आणि टॅक्सी चालवू लागला. १९४३ साली मेरी कोल्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. मग महायुद्ध. सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. अशाच पलटणीत युरोपात त्याने नोकरी केली आणि परत येऊन डॅनव्हिलला मोटारदुरुस्तीचे गॅरेज घातले.

गॅरेजवर घर चालत नव्हते. मुले होत होती, ती पुढे सात झाली. तेव्हा रात्रीचा धंदा सुरू झाला. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ सालीच उठली होती, परंतु सरकारी कर चुकवून डोंगरात गाळलेली दारू स्वस्त पडे आणि तिला गिऱ्हाईक भरपूर होते. ती वाहून नेणाऱ्याची गाडी बाहेरून अगदी साधी दिसली पाहिजे, मागचे पाटे ओझ्याने दबलेले दिसता कामा नयेत, आणि पोलीस मागे लागले तर वळणावर ब्रेक न लावता गाडी निसटली पाहिजे. ही तिहेरी अट पुरी करणारे कारागीर आणि चालक दक्षिणेत गावोगाव तयार झाले. रात्री पोलिसांना चुकवावयाचे आणि रविवारी एखाद्या शेतात धुळीचा गोल आखून आपसात कोणाची गाडी पळते ते पाहावयाचे, यातून हा खेळ पसरला. त्याला कागदोपत्री रूप दिले बिल फ्रान्स नावाच्या धिप्पाड गृहस्थाने. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथील एका हॉटेलात बैठक झाली आणि पुढच्या वर्षी नॅसकार ही संस्था स्थापन झाली. वेंडेल पोलिसांच्या हाती एकदाच लागला, १९४९ साली. तीन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याची सुटका झाली. त्यानंतर त्याने तो धंदा सोडला असे मात्र कोणी समजू नये.

शनिवार-रविवारी तो डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यत पाहावयास जाई आणि काळ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या बाकांवर बसे. खाली जे चालक पळत होते त्यांतले काही रात्रीच्या धंद्यातले त्याच्या ओळखीचे होते. तेथे उतरण्याची इच्छा त्याला कधी झाली हे सांगणे कठीण, पण ती पुरी झाली ती मोठ्या चमत्कारिक रीतीने. नॅसकारशी स्पर्धा करणारे डिक्सी सर्किट नावाचे एक लहान मंडळ त्या भागात शर्यती भरवीत असे. त्यांना गर्दी कमी पडू लागली. काळा चालक उतरवला तर गंमत पाहावयास लोक येतील, असा हिशेब त्यांनी केला आणि असा चालक कोठे मिळेल याची चौकशी केली ती पोलिसांकडे! पोलिसांनी लगेच वेंडेल स्कॉटचे नाव सांगितले. इतकी वर्षे ज्याच्या मागे गाड्या पिटाळल्या, त्याच्या वेगाची खात्री त्यांच्याहून अधिक कोणाला असणार? २३ मे १९५२ रोजी तो प्रथम शर्यतीत उतरला. काही लोकांनी हुर्यो केली. गाडी मध्येच बिघडली. पण त्याला आपले काम सापडले होते.

लागलीच तो गाडी दुरुस्त करून विन्स्टन-सेलम येथे नॅसकारच्या शर्यतीस गेला. त्याला आत घेतले नाही. हाय पॉइंट येथे गेला, तर गाडी ठेव आणि चालवावयास गोरा माणूस आण असे सांगण्यात आले. गाडी त्याची, इंजिन त्याने बांधलेले, आणि चाक मात्र दुसऱ्याच्या हाती! तो परत फिरला आणि नॅसकारचे नाव सोडून आसपासच्या लहान मैदानांवर पळू लागला. थोड्याच दिवसांत लिंचबर्ग येथे एक छोटी शर्यत त्याने जिंकली. आठवड्यातून चार-चार, पाच-पाच शर्यती तो करीत असे. दिवसा गॅरेज, संध्याकाळी गाडी दोराने ओढीत दुसऱ्या गावी, पहाटे परत.

येथे मला बाळू पालवणकरांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याचे काम करता करता हा चांभाराचा मुलगा देशातील पहिला थोर फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला त्याच्या डाव्या हाताची गरज होती म्हणून त्याला घेतले. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देण्यात आला. बाळूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. वेंडेलला डिक्सी सर्किटने घेतले तेही गर्दीच्या गरजेपोटीच. गरज म्हणून उघडलेल्या दारातून आत गेलेल्या माणसाला पुढे काय काय सोसावे लागते, हे समजण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही.

सोसणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. धुळीच्या मैदानावर गाड्या एकमेकींना घासतातच. पण वेंडेलच्या गाडीला काहीजण ठरवून धडक देत. इतर चालक अशा वेळी पुढच्या फेरीत जशास तसे करून मोकळे होत, नाहीतर शर्यत संपल्यावर हाणामारी करीत. वेंडेलला दोन्ही मार्ग बंद होते. त्याने एकदा हात उचलला असता तर त्याला कायमचे बाहेर काढण्यास तेवढे निमित्त पुरले असते. तो घरी येऊन पत्रा ठोकून सरळ करी आणि पुन्हा जाई. त्याच्या या गप्प राहण्याबद्दल काही लोक त्याला मवाळ समजले. मला तसे वाटत नाही. दर आठवड्याला त्याच माणसांमध्ये, त्याच धुळीत, पुन्हा जाऊन उभे राहणे हे मवाळ माणसाचे काम नव्हे. हळूहळू काही गोऱ्या चालकांना त्याची कारागिरी कळली. कोणी सुटा भाग दिला, कोणी टायर दिला. अर्ल ब्रुक्स नावाचा चालक तर त्याचा जन्माचा मित्र झाला.

१९५४ साली रिचमंड येथील एका लहान शर्यतीच्या वेळी नॅसकारच्या एका दुय्यम अधिकाऱ्याने त्याला परवाना देऊन टाकला. वर विचारले नाही. वरच्यांना हे कळले तेव्हा ते खूश झाले नाहीत, परंतु दिलेला परवाना परत घेण्याचे धाडस कोणी केले नाही. त्याच वर्षी एका ठिकाणी असे झाले की, शर्यत भरवणाऱ्याने गोऱ्या चालकांना पेट्रोलचे पैसे दिले आणि वेंडेलला नाकारले. वेंडेल सरळ बिल फ्रान्सकडे गेला. फ्रान्सने खिशातून तीस डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले आणि नॅसकारमध्ये रंगावरून भेद होणार नाही असे त्याला सांगितले. पुढील वीस वर्षांत हे आश्वासन किती पाळले गेले ते पुढे येईलच. पण फ्रान्सने तीस डॉलर दिले होते, हे वेंडेल कधी विसरला नाही.

१९५९ साली रिचमंडच्या साउथसाइड मैदानाचे आणि त्याच वर्गातील संपूर्ण व्हर्जिनिया राज्याचे अजिंक्यपद त्याने मिळवले. वय अडतीस. या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करतात. वेंडेलने १९६१ साली नॅसकारच्या सर्वांत वरच्या, ग्रँड नॅशनल वर्गात उडी घेतली. ४ मार्च १९६१ रोजी दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग येथे त्याची त्या वर्गातील पहिली शर्यत झाली.

आता या वर्गात पळणे म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. मोठ्या चालकामागे कारखाना असे. फोर्ड, मर्क्युरी, प्लिमथ, डॉज या कंपन्या नवी इंजिने देत, दर शर्यतीला कोऱ्या टायरांची चळत लागे, चाके बदलणारी आणि पेट्रोल भरणारी शिकलेली माणसे पगारावर असत. वेंडेलकडे होते ते त्याचे मुलगे. चालक तोच, फिटर तोच, गाडी ओढून नेणाराही तोच. इतरांनी वापरून टाकलेले टायर तो लावी. इंजिन जुने, म्हणून ते शेवटपर्यंत टिकावे अशा बेताने चालवी. पहिल्या क्रमांकासाठी इंजिन फोडण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. रस्त्यावरच्या हॉटेलांत काळ्यांना खोली मिळत नसे, खाणावळीत बसू देत नसत. घरून बांधून आणलेले खावयाचे, गाडीतच झोपावयाचे आणि सकाळी बोनेट उघडावयाचे. ३४ हा त्याच्या गाडीचा क्रमांक पाहण्यासाठी मात्र मैदानाच्या काळ्यांच्या बाकांवरून माणसे उठून उभी राहत.

१९६३ हे वर्ष दक्षिणेत पेटलेले होते. डॅनव्हिलमध्ये जून महिन्यात समान हक्कांसाठी निघालेल्या लोकांवर पोलिसांनी काठ्या चालवल्या आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडले. जखमींची रीघ लागली. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा वॉशिंग्टनचा मोर्चा झाला. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. त्यानंतर नऊ दिवसांनी, १ डिसेंबर १९६३ रोजी, फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या मैदानावर दोनशे फेऱ्यांची शर्यत होती.

वेंडेलकडे त्या दिवशी शेव्हरोले गाडी होती, नेड जॅरेट या नामांकित चालकाकडून विकत घेतलेली. मैदान फारच खराब. खाचखळग्यांनी एकामागून एक गाड्यांची हाडे खिळखिळी होऊ लागली. वेगवान रिचर्ड पेटी पुढे होता, पण त्याच्याही गाडीने दम टाकला. अशा वेळी ज्याला जुनी गाडी जपून नेण्याची बारा वर्षांची सवय आहे त्याचा दिवस असतो. शेवटच्या पंचवीस फेऱ्या राहिल्या असताना वेंडेलने पेटीला मागे टाकले आणि तो पुढेच राहिला. दोनशेवी फेरी पुरी झाली. शेवटचा चौकड्यांचा झेंडा काही पडला नाही. तो पळतच राहिला. आणखी एक फेरी झाली, आणखी एक झाली. मग झेंडा पडला तो मागून आलेल्या बक बेकर या गोऱ्या चालकासाठी. बेकरला विजेत्याच्या जागी नेण्यात आले, चषक देण्यात आला, छायाचित्रे निघाली.

त्या काळी फेऱ्या मोजण्यास यंत्र नव्हते. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस, बहुधा चालकाच्याच घरचा, कागद घेऊन बसे आणि गाडी समोरून गेली की मोठ्या घड्याळातली वेळ लिही. सगळे कागद अधिकाऱ्यांकडे जात. तेव्हा चूक होणे अशक्य नव्हते आणि अशा चुका इतरांच्या बाबतीतही झालेल्या आहेत. पण वेंडेल एका फेरीने नव्हे, दोन फेऱ्यांनी पुढे होता. त्याने तक्रार केली. कागद पुन्हा तपासण्यात आले. प्रेक्षक आपापल्या घरी गेले, बेकर चषक घेऊन गेला, आणि मैदान रिकामे झाल्यावर अधिकाऱ्यांनी मान्य केले की शर्यत वेंडेल स्कॉटने जिंकली आहे. पैसे मिळाले. चषक मिळाला नाही. पुढे एक लाकडी, साधासा, नाव नसलेला चषक त्याच्या हाती देण्यात आला. असे का झाले याविषयी वेंडेलचे स्वतःचे मत पक्के होते. विजेत्याला चषक देताना एक गोरी सुंदरी त्याच्या गालाचे चुंबन घेत असे, आणि ते दृश्य त्या वर्षी, त्या राज्यात, हजारो लोकांसमोर घडणे कोणाला नको होते.

मी स्वतः एकदा फेऱ्या मोजल्या आहेत, म्हणून हे सांगतो. आमच्या शाळेच्या खेळांत, शाळेचे नाव येथे नको, पंधराशे मीटरच्या धावण्यात माझ्याकडे कागद आणि पेन्सिल देण्यात आली होती. पाड्यावरचा एक मुलगा अनवाणी पळत होता. तो पुढे असेल असे कोणाच्या मनातच नव्हते, तसे माझ्याही नव्हते. गर्दीत तो पुढच्या मुलाच्या बरोबरीने दिसला तेव्हा तो एक फेरी मागे आहे असे मी धरून चाललो आणि तसे लिहिले. शर्यत संपल्यावर तो माझ्याजवळ आला, कागदाकडे पाहिले, काही बोलला नाही आणि शर्ट खांद्यावर टाकून घरी गेला. त्याची एक फेरी मी पाहिलीच नव्हती, हे मला संध्याकाळी खूणगाठी जुळवताना कळले. मी ते कोणाला सांगितले नाही. जॅक्सनव्हिलच्या कागदावर काय घडले असेल याची कल्पना करण्यास मला फारसे प्रयास पडत नाहीत. तेथे डाव असेलही, पण डाव नसतानाही तसे घडू शकते.

असो. जॅक्सनव्हिलची शर्यत १९६४ च्या हंगामात धरली गेली होती. हा हंगाम बासष्ट शर्यतींचा, आणि नॅसकारच्या इतिहासात इतका दमवणारा व इतका दुःखाचा हंगाम क्वचितच झाला असेल. जानेवारीत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे आदल्या वर्षीचा विजेता जो वेदरली अपघातात गेला. फेब्रुवारीत डेटोना येथे रिचर्ड पेटी प्लिमथ गाडीत हेमी नावाचे नवे इंजिन बसवून आला आणि सर्वांना कोठल्या कोठे मागे टाकून गेला. फोर्डच्या बाजूने नेड जॅरेटने वर्षभरात पंधरा शर्यती जिंकल्या, पेटीने नऊच; पण एकूण गुणांत अजिंक्यपद पेटीला मिळाले, कारण येथे जिंकण्याइतकेच दर आठवड्याला हजर राहून शर्यत पुरी करण्यास महत्त्व असते. डॉजतर्फे डेव्हिड पिअर्सन होता, तरुण आणि अत्यंत थंड डोक्याचा. मे महिन्यात शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्स या लोकप्रिय चालकाची गाडी उलटून पेटली. जळालेल्या अवस्थेत तो महिनाभर झुंजला आणि २ जुलैला गेला. योगायोग असा की त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी समान हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्या दिवसापासून रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याने वेंडेलला खोली नाकारणे बेकायदेशीर ठरले. सप्टेंबरमध्ये टायरची चाचणी घेताना जिमी पारड्यू गेला. या सगळ्यांत कारखान्याचा एक पैसा नसलेला वेंडेल पन्नासाहून अधिक शर्यती पळाला आणि गुणांत बारावा आला.

पुढची वर्षे याच चालीची. १९६६ साली तो गुणांत सहावा आला, त्यानंतरची तीन वर्षे पहिल्या दहांत राहिला. एकूण ४९५ शर्यती तो त्या वर्गात पळाला. त्यांत पहिल्या पाचांत वीस वेळा आला, पहिल्या दहांत १४७ वेळा, आणि पहिला एकदाच. एकदा पहिला आलेला माणूस म्हणून त्याची नोंद होते. मला ते १४७ अधिक मोलाचे वाटतात. दुसऱ्याने टाकलेल्या टायरांवर आणि पोरांच्या मदतीवर चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने एवढ्या वेळा पहिल्या दहांत यावे, ही गोष्ट यंत्राशी ज्याचा थोडासाही संबंध आला आहे त्याला नीट कळेल. शर्यतीच्या कमाईतून त्याने घर चालवले आणि मुलांना कॉलेजात शिकवले. हे वाक्य मी कॉलेजच्या अंकात लिहितो आहे याची मला जाणीव आहे. आमच्यातल्या पुष्कळांची फी अशीच, पहाटेच्या लोकलने दादरला गेलेल्या फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्यांतून आलेली आहे.

कारखान्याची गाडी त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही. १९७२ साली शार्लटच्या मोठ्या शर्यतीपुरती ज्युनिअर जॉन्सनकडची शेव्हरोले मिळाली, तिचे इंजिन शर्यतीत बिघडले. रंगभेदाचे नाव न घेण्याचे आश्वासन देणारे बिल फ्रान्स त्या वर्षी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या निवडणुकीसाठी खटपट करीत होते. आणि हे वॉलेस म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात शिरू न देण्यासाठी १९६३ साली स्वतः दारात उभे राहिलेले गृहस्थ. फ्रान्स वाईट मनुष्य होता असे मी म्हणत नाही. खिशातून तीस डॉलर काढणे त्याला जमत होते, एवढेच.

मग वेंडेलने शेवटचा डाव टाकला. कर्ज काढून त्याने एक चांगली, खरोखरच वेगवान मर्क्युरी घेतली. ६ मे १९७३ रोजी अलाबामातील टॅलाडेगाच्या प्रचंड मैदानावर शर्यत सुरू झाली आणि पहिल्या काही फेऱ्यांतच वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. वेंडेलच्या बरगड्या, कंबरेचे हाड आणि पाय मोडले. गाडी भंगार झाली, कर्ज राहिले. वय एक्कावन्न. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो कसाबसा उभा राहून शार्लटला आणखी एक शर्यत पळाला आणि बारावा आला. ती शेवटची. त्यानंतर डॅनव्हिलचे गॅरेज आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या.

१९७७ साली हॉलिवूडने त्याच्यावर ग्रीस्ड लाइटनिंग नावाचा चित्रपट काढला. रिचर्ड प्रायर या विनोदी नटाने त्याची भूमिका केली आणि वेंडेल स्वतः सल्लागार म्हणून हजर होता. चित्रपटात हंशा पुष्कळ आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव आपलेसे केले, इतके तिकडचे वारे आपल्यापर्यंत पोचत होते. पण वेंडेलसारखी घोषणा न देणारी माणसे समुद्र ओलांडून येत नाहीत. ती आपल्या गावच्या गॅरेजातच राहतात.

२३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने तो वारला. डॅनव्हिलमधल्या ज्या रस्त्यावर त्याचे घर होते त्या रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. जॅक्सनव्हिलच्या चषकाची आठवण मुलांनी जाऊ दिली नाही. २०१० साली तेथील मोटार शर्यतवाल्यांनी त्या चषकाची प्रतिकृती कुटुंबाला दिली. ३० जानेवारी २०१५ रोजी नॅसकारच्या सन्मान-दालनात त्याचे नाव गेले. त्या दालनातले ते पहिले कृष्णवर्णीय नाव. नॅसकारने स्वतः चषक दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोना येथे, मुलानातवंडांच्या हाती. तो जिवंत असता तर दुसऱ्याच दिवशी शंभर वर्षांचा झाला असता.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, टॅलाडेगाच्या त्याच मैदानावर बबा वॉलेस नावाचा एक तरुण पुढे असताना पाऊस सुरू झाला. १८८ फेऱ्यांपैकी ११७ झाल्या होत्या. सगळ्या गाड्या थांबवण्यात आल्या आणि पाऊस उघडण्याची वाट पाहण्यात आली. तो उघडला नाही. तेव्हा ११७ व्या फेरीचा हिशेब धरून वॉलेसला विजयी जाहीर करण्यात आले, आणि चषक त्याच दिवशी त्याच्या हाती देण्यात आला. वेंडेल स्कॉटनंतर वरच्या वर्गातील शर्यत जिंकणारा तो दुसरा कृष्णवर्णीय चालक.